चाकांचं खुराडं

परसात किमचीच्या रांजणांशेजारी मी नव्या खुराड्याला चाकं बसवत होतो.

"कोंबड्यांची वरात कुठे निघालीय, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"रोज हातभर पुढे ढकलायचं, आई. कोंबड्यांना रोज ताजं गवत."

जावई आला की अंडी देणारी कोंबडी कापायची, ही इथली, कोरियातली रीत. "माझ्यासाठी कधी कापली नाहीस!" म्हणत माझी बायको मिरान दर वेळी आईवर रुसायची. ती वारल्यावरही मी येत राहिलो.

शेवटचं चाक बसवताना मान खाली घालूनच सांगितलं, "आई, मी पुन्हा लग्न करतोय."

त्या आत गेल्या. मी हत्यारं आवरून निघालो, तर जेवायला हाक आली. वाडग्यात कोंबडीच होती.

"तिला घेऊन या," त्या म्हणाल्या. "तांबडी कोंबडी तिच्यासाठी राखून ठेवलीय. या लेकीला मी रुसू देणार नाही."