वास येईल त्यानं हात वर करा

सरोजिनीबाईंना पोरांकडून घोकून घेतलेलं खपत नसे. वायू हवेत कसा पसरतो, हे पोरांनी स्वतःच अनुभवावं, म्हणून त्यांनी पाठाची आखणी मोठ्या हौसेनं केली होती. फळ्याजवळ अत्तराची बाटली उघडायची. ज्याला वास येईल त्यानं नुसता हात वर करायचा. आधी पहिला बाक, मग दुसरा, आणि सगळ्यांत शेवटी रसायनांच्या कंपन्यांकडच्या खिडकीपाशी बसणारी मुक्ता.

शेंद्र्याच्या शाळेतला तो वर्ग श्वास रोखून बसला. बाईंनी पिशवीतून बाटली काढली, तोच मुक्ताचा हात वर गेला.

"अगं आगाऊ, अजून बूच तरी काढलंय का मी?"

"नाय बाई. पण लई वास येऊ लागलाय. डोळे चुरचुरायलेत."

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या.

मग मुक्ताच्या पुढच्या बाकावरचे हात वर झाले. मग त्याच्या पुढच्या. आखणीत होतं तस्संच, बाकामागून बाक, फक्त उलट्या दिशेनं, हात वर होत फळ्याकडे येऊ लागले. बाईंच्या मुठीतली बाटली बंदच होती.

मागं मुक्ताचा हात तेवढा खाली आला होता. डोकंही बाकावर टेकलं होतं.