भडक रंग

जन्मभर बस चालवलेल्या आजोबांना निवृत्तीनंतर टॅबवर निसर्गचित्रं काढायचा नाद लागला. बसच्या काचेतून पाहिलेले डोंगर, वळणं, तळी ते आठवून आठवून रंगवायचे आणि घरच्या ग्रुपवर टाकायचे. सुरुवातीचं त्यांचं धुकं इतकं हलकं, की फुंकर मारली तर उडेल. हल्ली मात्र रेघा दोरखंडासारख्या जाड आणि रंग भडक झाले होते.

"बाबा, आता खरा हात बसला तुमचा!" सुनेने लिहिलं. "काका, एकदम मॉडर्न!" पुतण्याने टाळ्या पाठवल्या.

आजोबांनी ते आजीकडून वाचून घेतलं आणि खुशीत मिशीवरून हात फिरवला. मग टॅब पुढे करत म्हणाले, "अगं, याचा उजेड वाढव जरा. फार अंधुक झालाय हा."

उजेड आधीच पूर्ण वाढवलेला होता.

"बरं, नातीला शाळेतून आणायची वेळ झाली. गाडीची किल्ली कुठे ठेवलीस?"

किल्ली त्यांच्या पुढ्यातच होती.



आजीने ती अलगद मुठीत घेतली आणि म्हणाली, "मलाही दिसत नाहीये हो. आज दोघं चालतच जाऊ."