पुरणाच्या चाळणीचा दिवा

“आई, ही चाळणी घेतो. तू आता कुठे पुरण घालतेस?” असं म्हणत मुलाने माझी पितळी चाळणी उचलली. तिच्या आत दिवे बसवले, कडेला सुनेच्या जुन्या बांगड्या लटकवल्या आणि माझ्या पलंगासमोर छताला टांगली.

गॅलरी हॉलमध्ये घेतल्यावर तिथल्या कुंड्या माझ्या मागच्या खोलीत आल्या होत्या. इथे ऊन येत नाही, हे मी त्याआधी वर्षभर सांगत होते. ट्यूब लावली की तो येऊन बंद करायचा. “भरदिवसा कशाला, आई?” कुंड्यांतल्या झाडांनी मात्र पंधरा दिवसांत पानं गाळली आणि त्याला लगेच समजलं.

आता चाळणीतले दिवे सकाळी सातला आपोआप लागतात, संध्याकाळी सातला बंद होतात. भिंतभर भोकांची नक्षी पडते. रविवारी त्याचे मित्र मुद्दाम बघायला आले. “झाडांना बारा तास उजेड लागतोच,” तो त्यांना समजावत होता. “जीव आहे शेवटी.” त्यांना वाट मिळावी म्हणून मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते.

ते गेल्यावर खुर्ची चाळणीखाली ओढली आणि ब्लाउजचं तुटलेलं हुक शिवायला घेतलं. वर्षभरात पहिल्यांदाच सुईत दोरा एका खेपेत ओवला गेला.

तो दारात थबकला. वाटलं, आता तरी याच्या लक्षात येईल.

“आई, जरा बाजूला सरक ना,” तो म्हणाला. “झाडांवर तुझी सावली पडतेय.”