गुलाबी पिल्लू

दुसऱ्या पिल्लाचा गुलाबी रंग काही केल्या निघेना. मेघाने न्हाणीघराची कडी लावली होती, कोमट पाण्यात शाम्पू कालवला होता, आणि पिल्लू चिवचिवून अख्ख्या जरीपटका वस्तीला गोळा करायच्या बेतात होतं. पहिलं बऱ्यापैकी पांढरं झालं होतं. ते तिच्या जुन्या ओढणीत ऊब घेत बसलं होतं. काल बाजारात कोंबडीची साधी पिल्लं संपलेली. उरली होती ती पोरांना खेळायला म्हणून रंगवून विकतात तसली.

बाहेर तिच्या सासूबाई, अंजनाबाई, मशीनशी बोलत होत्या. मशीनशी म्हणजे आतल्या अंड्यांशी.

सासरे गेले आणि अंजनाबाईंनी बोलणं टाकलं. राग नाही, रुसवा नाही. हो, नाही, जेवून घे, एवढंच. मेघाचा नवरा नागसेन नोकरीला चंद्रपूरला, रविवारचा यायचा. बाकी आठवडाभर घरात कूलरच काय तो बोलायचा. शेवटी मेघाने अंडी उबवायचं मशीन मागवलं आणि लकडगंजातल्या दुकानातून तपकिरी, गावरानी म्हणून विकतात ती अंडी आणली. कोंबडी आपल्या अंड्यांशी बोलत असते, मशीन बिचारं मुकं, तेव्हा कोणीतरी बोलायला पाहिजे, असं तिने सासूला पटवलं. यातलं अर्धं तिने कुठेतरी वाचलं होतं. अर्धं पदरचं.

अंजनाबाई आधी दबकत बोलल्या, मग सुटल्याच. नवऱ्याचं घोरणं, वरातीची गाडी चुकलेली मावशी, शेजारणीची अंबाडीची भाजी, जी कुत्र्यानेही हुंगून सोडली. मेघा स्वयंपाकघराच्या दाराआड भाजी निवडायचं सोडून खुदखुदत ऐकत राहायची. त्या मुक्या डब्याचे तिने मनोमन किती आभार मानले असतील!

मग एकदा तिने मोबाइलचा टॉर्च लावून अंडी पाहिली. व्हिडिओत आत लाल शिरांचं जाळं दिसत होतं. इथे नुसता पिवळा उजेड. एकाही अंड्यात जीव नव्हता. तिने ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अंजनाबाई पुन्हा मुक्या झाल्या असत्या, आणि आता त्या घरात तेवढी शांतता सोसणं मेघाला जमलं नसतं. आज तर पिल्लं निघायचा दिवस.

दुसरं पिल्लूही वरवर पांढरं झालं. सासूबाई दूध आणायला गेल्या तशी तिने अंडी काढून लपवली, चार टरफलं पसरली आणि पिल्लं आत ठेवून झाकण लावलं.

अंजनाबाई परत आल्या. काचेतून वाकून पाहिलं. झाकण उघडलं, एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि त्याचा पंख उचलला. पंखाखाली गुलाबी रंग तसाच होता.

"माय वं," त्या म्हणाल्या, "हे तं होळी खेळूनच निघालं."

मेघाचं तोंड उतरलं. तिने सगळं सांगून टाकलं, टॉर्चपासून शाम्पूपर्यंत. मग मान खाली घालून ती त्या जुन्या शांततेची वाट पाहत उभी राहिली.

अंजनाबाईंनी पिल्लाला पदरात घेतलं. अंडी घरात आली तेव्हाच आपल्याला कळलं होतं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी दारात कोंबड्याच कोंबड्या होत्या. "दुकानातल्या अंड्याले बाप नसते, मग रंग कोणताही असो."

मेघाने मान वर केली. "मग इतके दिवस बोलत काहून राहिल्या, आई?"

"अंड्यांसाठी थोडीच बोलत होती मी," अंजनाबाई म्हणाल्या. "तू दाराआड हासून राहिली होती वं. या घरात आल्यापासून तुले पहिल्यांदा हासताना आयकलं."