ओव्याची बरणी

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "तुमच्या मिसेस गेल्या. आतडं अरुंद होऊन फुटलं होतं." वर्षभर मी तिच्या पोटदुखीवर ओवाच देत होतो.

यंदा लेकीचं पोट तसंच दुखू लागलं. मी तिला थेट एमआरआयला नेलं. आतडं फुगून फोटोत नीट दिसावं म्हणून आधी दीड लिटर गोड पाणी प्यायचं होतं.

"बाबा, अर्धं तुम्ही प्या ना!"

"फोटो तुझ्या आतड्याचा काढायचाय की माझ्या? पी."

डॉक्टरांनी पडद्यावर अरुंद झालेली जागा दाखवली.

"घाबरू नका. आतडं कडक झालेलं नाही, नुसती सूज आहे. औषधाने उतरेल."

महिन्याभरात लेक पुन्हा भात मागून घेऊ लागली. ओव्याची बरणी फडताळातच आहे. ती रिकामी करायची राहिली आहे.