मांडीवरचं हेल्मेट

मिहीरचं हेल्मेट मृणालिनीने मांडीवर घेतलं होतं आणि वरून कोट ओढून घेतला होता. ते मागायला शाळेचे मुख्याध्यापक येऊन गेले, अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी देणग्या जमवणाऱ्या पालकांचा अध्यक्ष येऊन गेला. आता बाकामागच्या कठड्यावरून वाकून मिहीरचा बाप बोलत होता.

"मृणालिनीताई, लॉजिकली बघा," संजीव म्हणाला. तो मोटारींच्या ब्रेकचा इंजिनिअर. सगळं लॉजिकली बघायचा. "किकरला कुणी टच करत नाही. केलं तर पेनल्टी बसते. त्याने फक्त एक लाथ मारायचीये."

"मघाशीही फक्त लाथच मारायची होती."

मघाशी म्हणजे मध्यंतराच्या जरा आधी. किकरने चेंडू लाथेने दूर उडवून जागेवर उभं राहायचं, ते सोडून मिहीर समोरून चेंडू घेऊन येणाऱ्या धिप्पाड पोराला अडवायला धावला होता, आणि त्याचं डोकं त्या पोराच्या गुडघ्यावर आपटलं होतं. मृणालिनी संघाची डॉक्टर, बिनपगारी. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बाकावर बसवून ठेवायचा एकच उपाय तिला माहीत होता: हेल्मेट काढून घ्यायचं. हेल्मेटशिवाय पंच कुणाला आत येऊ देत नाहीत.

तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मिहीरने बरोबर दिली होती. आज शनिवार. समोरची शाळा कोणती, तेही बरोबर. डिसेंबरपासून उलटे महिनेही म्हणून दाखवले. फक्त प्रत्येक उत्तर देण्यापूर्वी तो बापाकडे बघत होता. तेवढ्यावरून तिने त्याला बसवलं होतं, आणि तेवढं सांगून इथे कुणाला पटणार नव्हतं.

शेवटचं मिनिट उरलं होतं. संघ दोन गुणांनी मागे होता. चेंडू लाथेने दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण मिळणार होते, आणि खांब फार लांब नव्हते. जिंकले तर पुढच्या शनिवारी राज्याचा अंतिम सामना. हरले तर कोच केसलरांची कारकीर्द इथेच संपणार होती, कारण हा त्यांचा शेवटचा हंगाम होता. तीन वेळा राज्याचं अजिंक्यपद मिळवलेला माणूस. शाळेच्या मैदानाला त्यांचं नाव द्यायचं आधीच ठरलं होतं. डेट्रॉइटभोवतालच्या गावांत त्यांच्या हाताखाली खेळलेले बाप आता आपल्या पोरांना त्यांच्याकडे पाठवत होते.

केसलरांनी खेळ थांबवायला लावला आणि ते स्वतः बाकापाशी आले. ते कधी आवाज चढवत नसत. त्यांना नाही म्हणणं त्यामुळे आणखीच जिवावर यायचं.

"डॉक्टर, मुलगा ठीक दिसतोय."

"दिसतोय."

"मी त्याला विचारलं. खेळतो म्हणाला."

"सतरा वर्षांचा आहे तो. दुसरं काय म्हणणार?"

तेवढ्यात संघाचं सामान सांभाळणारा माणूस दुसरं हेल्मेट घेऊन आला आणि केसलरांच्या मागे उभा राहिला. असं दुसरं हेल्मेट कुठूनतरी निघणार, हे मृणालिनीला मघापासून माहीत होतं.

"मग घाला ते त्याच्या डोक्यात," ती म्हणाली. "मी काही आडवी पडणार नाही. पण मी हो म्हणाले, असं मात्र कुणाला सांगू नका."

केसलर तिच्याकडे बघत राहिले. "इतक्या वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं."

"त्याला मी काय करू?"

तिच्या पायांची बोटं थंडीने बधिर झाली होती. तीच ती गोष्ट नव्या नव्या माणसाला सांगून ती कंटाळली होती. केसलरांनी मिहीरकडे पाहिलं. मिहीर टाचा जुळवून ताठ उभा होता. मग त्यांनी मान हलवून दुसरं हेल्मेट परत पाठवलं आणि सरावात अधूनमधून लाथ मारणाऱ्या एका बचावपटूला हाक मारली.

त्या पोराचा चेंडू खांबांच्या डावीकडून गेला. त्याचं फार काही चुकलं असंही म्हणता आलं नसतं.

त्यानंतर मृणालिनीशी कुणी बोललं नाही. मिहीरची आई रेणू गेल्याच रविवारी तिच्याकडे जेवून गेली होती. आता ती फोनमध्ये बघत समोरून निघून गेली. संजीव तेवढा थांबला.

"थँक्स हं, ताई. कॉलेजच्या संघांचे लोक आज त्याचा खेळ बघायला आले होते. आता येतील पुढच्या जन्मी."

खरंच एक लाथ तर होती, असं क्षणभर तिलाही वाटून गेलं.

प्रेक्षक पांगले. केसलर एकेका मुलाशी हात मिळवत बाकाच्या टोकापर्यंत आले. शेवटी मिहीर होता. तो नीट उठून उभा राहिला.

"चांगला हंगाम झाला तुझा," केसलर म्हणाले.

"थँक यू, कोच. सेकंड हाफ कधी सुरू होणार?"

संजीव हसला. "अरे, मॅच संपली. हरलो आपण."

"ओके," मिहीर म्हणाला. त्याने मैदानाकडे बघितलं. माणसं गोलच्या खांबांना गुंडाळलेल्या गाद्या सोडवत होती. पाहून झाल्यावर तो पुन्हा केसलरांकडे वळला. आवाज तसाच, अदबीचा.

"कोच, सेकंड हाफ कधी सुरू होणार?"

मृणालिनी एव्हाना फाटकाजवळच्या अँब्युलन्सच्या दिशेने दोन्ही हात हलवत होती.

"थोड्या वेळाने," केसलर म्हणाले. त्यांनी मिहीरचा दंड धरला. "तोवर चल, आपण तिकडे बसू." आणि त्याच्या चालीने, जराही घाई न करता, ते त्याला फाटकाकडे घेऊन निघाले.