नावाच्या जागी आकडा

अत्याचार झालेल्या मुलांच्या केसेस आमची छोटी संस्था लढते. मुलांची नावं आम्ही कुठेच लिहीत नाही. प्रत्येकाच्या फाइलवर फक्त एक आकडा असतो. पगार अडले की कुणीतरी निनावी माणूस खात्यात पन्नास हजार भरतो. पासबुकात त्याच्याही नावाच्या जागी आकडाच. त्याच्या जिवावर तर संस्था उभी आहे.

ऑडिटला विद्याधर आले, तेव्हा मी म्हैसूरपाक पुढे केला. "घ्या, कालच देणगी आली!"

त्यांनी पासबुक आणि फाइलींचं रजिस्टर शेजारी शेजारी उघडलं. "नयनाताई, हे तुमच्या फाइलींचेच आकडे आहेत."

"त्या त्या मुलासाठी देत असेल."

"पण पैसे आधी आलेत. फाइल दरवेळी तीन दिवसांनी उघडलीय."

मी कपाट उघडलं. शेवटच्या फाइलवर बासष्ट होतं.

"आणि कालचा आकडा?"

"त्रेसष्ट," म्हणत त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला.

ही देणगी यावी म्हणून गेले तीन मंगळवार मी राहुकाळात बनशंकरी देवीच्या देवळात लिंबाच्या सालीत नवसाचे दिवे लावत होते.